ॲट्राझिन: उसाच्या सरीतून विहिरीच्या पाण्यापर्यंत

फ्रान्समधील लिऑन येथे मुख्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नोव्हेंबर २०२५ मध्ये ॲट्राझिन या तणनाशकाचा समावेश ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात केला. ही संस्था जागतिक आरोग्य संघटनेच्या छत्राखाली काम करते, त्यामुळे बातमीला वजन होते. सांगली-साताऱ्याच्या ऊसपट्ट्याला हा विषय परका नाही, कारण कृष्णा-वारणेच्या काठाला उसाची लागण झाली की पहिल्या आठवड्यात जी तणनाशके मारली जातात त्यांत ॲट्राझिनचे नाव कित्येक वर्षे वरच्या ओळीत आहे. बातमी वाचून कोणी म्हणाले की इतकी वर्षे आपण रानात विषच ओतत होतो, तर कोणी म्हणाले की असल्या बातम्या येतात आणि जातात. माझ्या मते दोन्ही मते घाईची आहेत. हे रसायन तण कसे मारते, मातीत त्याचे काय होते, ते पाण्यात कसे शोधतात आणि ‘विषारी’ या शब्दाला आकड्यांत किती अर्थ आहे, एवढे नीट समजून घेतल्याशिवाय बातमीचा अर्थ लागणार नाही.

हे औषध तण मारते कसे आणि ऊस वाचतो कसा

ॲट्राझिन हे स्वित्झर्लंडमधील बाझल येथील गायगी या कंपनीने १९५० च्या दशकात तयार केलेले रसायन आहे. त्याच्या रेणूत कार्बनचे ८, हायड्रोजनचे १४, नायट्रोजनचे ५ आणि क्लोरीनचा १ अणू असतो. क्लोरीनचा हा एकुलता एक अणू लक्षात ठेवावा, कारण पुढची बरीचशी गोष्ट त्याच्याभोवतीच फिरते. कृषी सेवा केंद्रात मिळणारी पांढरी पावडर बहुधा ५० टक्क्यांची असते, म्हणजे एक किलोच्या पुड्यात प्रत्यक्ष तणनाशक अर्धा किलो असते. लागणीनंतर तीन-चार दिवसांनी, रान वाफशावर असताना आणि तण उगवण्यापूर्वी ते जमिनीवर फवारतात. उगवणाऱ्या तणाच्या मुळ्या ते पाण्याबरोबर शोषून घेतात आणि ते पानापर्यंत चढते.

पानात गेल्यावर ते प्रकाशसंश्लेषणाची साखळी तोडते. सूर्यप्रकाशाच्या जोरावर सुटलेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनापासून दुसऱ्याकडे जात जात शेवटी वनस्पतीचे अन्न तयार करण्याच्या कामी येतात. या साखळीत डी-१ नावाचे एक प्रथिन आहे आणि त्यातल्या ज्या खाचेत इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू बसायचा, तिथे ॲट्राझिन जाऊन बसते. साखर कारखान्याची गव्हाण मध्येच अडली आणि मागून उसाच्या गाड्या मात्र येतच राहिल्या, तर आवारात जे होईल तेच पानात होते. प्रकाशाची ऊर्जा येत राहते, तिला पुढे वाट मिळत नाही, आणि तुंबलेल्या ऊर्जेतून तयार झालेले प्राणवायूचे घातक प्रकार पेशींच्या पडद्यांची नासधूस करतात. म्हणूनच ॲट्राझिनने मरणारे तण उगवते, दोन-चार दिवस हिरवे दिसते आणि मग कडेकडेने पिवळे पडत करपते.

उसाच्या पानातही तेच डी-१ प्रथिन आहे, तरी ऊस मरत नाही. ऊस, मका आणि ज्वारी यांच्या पेशींत असे एक विकर (एन्झाइम) असते, जे ॲट्राझिनचा क्लोरीन काढून त्या जागी ग्लुटाथायोन नावाचा रेणू जोडते, आणि जोडणी झाली की तणनाशक निकामी होते. सोयाबीन, भुईमूग किंवा हरभऱ्याकडे ही क्षमता पुरेशी नसते. उसात यांपैकी आंतरपीक घ्यायचे असेल तर ॲट्राझिन चालत नाही, हे शेतकऱ्यांना अनुभवाने माहीत आहे आणि त्याचे कारण हे आहे. लव्हाळा आणि हरळी मात्र याला फारशी जुमानत नाहीत, कारण त्या जमिनीखालच्या गाठींतून आणि कांड्यांतून पुन्हा फुटतात.

मातीत पडल्यावर त्याचे आयुष्य किती

हेक्टरी एक किलो शुद्ध ॲट्राझिन पडले असे धरू. वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे एका हेक्टरातील वजन साधारण २० लाख किलो भरते. म्हणजे सुरुवातीला एक किलो मातीत सुमारे अर्धा मिलिग्रॅम तणनाशक असते. एखाद्या रसायनाचे प्रमाण निम्म्यावर यायला जितका काळ लागतो, त्याला त्याचे अर्धायुष्य म्हणतात. ॲट्राझिनचे मातीतील अर्धायुष्य ठिकठिकाणच्या प्रयोगांत काही आठवड्यांपासून कित्येक महिन्यांपर्यंत मिळाले आहे. ते ६० दिवस धरले तर वर्षअखेर मूळच्या सुमारे चौसष्टावा भाग उरतो. १२० दिवस धरले तर आठवा भाग उरतो. एकाच तणनाशकाने एका रानात पुढच्या पिकाला काहीच होत नाही आणि शेजारच्या रानात भाजीपाल्याची रोपे पिवळी पडतात, याचा उलगडा बऱ्याचदा या फरकात असतो.

हा फरक मातीमुळे पडतो. आम्लधर्मी मातीत ॲट्राझिनचा क्लोरीन पाण्याशी होणाऱ्या साध्या रासायनिक क्रियेने निघून जातो आणि चिकणमाती व सेंद्रिय पदार्थ या क्रियेला हातभार लावतात. सामू (पीएच) वाढत गेला, म्हणजे माती अल्कधर्मी होत गेली, की ही क्रिया मंदावते आणि मातीची ॲट्राझिनला धरून ठेवण्याची ताकदही कमी होते. आता आपल्याकडचे रान पाहा. कृष्णाकाठच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनींचा सामू अनेक ठिकाणी ८ च्या पुढे आहे, आणि वाळवा, पलूस, मिरज या भागांत अतिपाण्याने चोपण, म्हणजे क्षारपड, झालेल्या जमिनी तर त्याहून वरच्या आहेत. म्हणजे रासायनिक विघटनाची वाट आपल्याकडे अरुंद आहे. उष्ण हवा आणि ओल मात्र जिवाणूंना मानवते, त्यामुळे दुसरी वाट, म्हणजे जिवाणूंकडून होणारे विघटन, थंड देशांपेक्षा इथे जोरात चालू शकते. युरोपातले किंवा अमेरिकेतले अर्धायुष्याचे आकडे उचलून सांगलीच्या रानाला लावणे म्हणूनच बरोबर नाही.

तणनाशक खाणारे जिवाणू

या विषयातले मला सर्वांत विलक्षण वाटणारे संशोधन इथे येते. ॲट्राझिन वापरात आल्यानंतर कित्येक वर्षे असे मानले जात होते की जिवाणू त्याची बाजूची शेपटे तेवढी तोडतात, मधले नायट्रोजन-कार्बनचे कडे त्यांना फारसे फोडता येत नाही. १९९५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी, तणनाशक सांडून दूषित झालेल्या एका जागेच्या मातीतून स्यूडोमोनास जातीचा एक जिवाणू वेगळा काढला, ज्याला त्यांनी ‘एडीपी’ हे नाव दिले. हा जिवाणू ॲट्राझिन पूर्ण खातो. पहिले विकर क्लोरीन काढते, दुसरे आणि तिसरे विकर दोन्ही शेपटे तोडते, उरलेल्या सायन्युरिक आम्लाचे कडे पुढची विकरे उघडतात, आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया एवढेच शिल्लक राहते. रेणूतले पाचही नायट्रोजन जिवाणूच्या उपयोगी पडतात. त्याच्या दृष्टीने ॲट्राझिन हे नत्राचे खाद्य आहे.

हे कौशल्य आले कुठून? क्लोरीन काढणारे विकर आणि मेलामाइन या दुसऱ्याच पदार्थावर काम करणारे एक विकर यांची तुलना केली, तेव्हा ४७५ अमिनो आम्लांपैकी फक्त ९ जागी फरक दिसला. निसर्गात पूर्वी कधीही नसलेला रेणू माणसाने मातीत टाकला आणि थोड्याच दशकांत जिवाणूंनी जुन्या हत्यारात नऊ बदल करून त्याचा समाचार घेतला, असा याचा सर्वांत सरळ अर्थ लागतो. ही जनुके प्लाझ्मिड नावाच्या सुट्या डीएनए-वर्तुळावर असल्याने एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात, आणि वेगवेगळ्या खंडांतल्या जिवाणूंत ती जवळजवळ तंतोतंत सारखी सापडली आहेत.

याचे शेताच्या बांधावर दोन परिणाम होतात. ज्या रानात वर्षानुवर्षे ॲट्राझिनच मारले जाते, तिथे ते खाणाऱ्या जिवाणूंची संख्या वाढते आणि औषध पूर्वीइतके दिवस टिकत नाही. अमेरिकेतील अशा रानांत अर्धायुष्य काही दिवसांवर आलेले मोजले गेले आहे. ‘औषधात पहिल्यासारखा दम राहिला नाही’ अशी तक्रार ऐकू येते तेव्हा प्रत्येक वेळी भेसळीचा संशय घेण्याचे कारण नाही, आणि त्यावर उपाय म्हणून मात्रा वाढवणे तर अजिबात शहाणपणाचे नाही. दुसरी बाब अशी की मातीत युरियासारख्या खतातून आयते नत्र मुबलक मिळत असेल, तर जिवाणू ॲट्राझिनमधल्या नत्राच्या मागे तितक्या नेटाने लागत नाहीत, असे प्रयोगांत दिसून आले आहे. उसाला आपण किती नत्र देतो हे पाहता, या मुद्द्याचा आपल्याच मातीत अभ्यास व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते.

जे फुटत नाही ते कुठे जाते

ॲट्राझिन पाण्यात फार विरघळत नाही. एका लिटरमध्ये जेमतेम ३३ मिलिग्रॅम. पण मातीला ते घट्ट चिकटूनही बसत नाही. या दोन मध्यम गुणांच्या मिश्रणामुळेच ते पाण्याबरोबर प्रवास करते. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते, म्हणजे फवारणी आणि पावसाचा जोर एकाच वेळी येतो. फवारणीनंतर लगेच मोठा पाऊस झाला तर वरच्या थरातले तणनाशक सरीतून पाटात, पाटातून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत जाते. काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडलेल्या असतात आणि त्या बुजण्यापूर्वी पाणी आले, तर ते मातीच्या कणांशी फारसा संपर्क न येता थेट खाली उतरू शकते.

भूजलात एकदा पोहोचल्यावर परिस्थिती बदलते. तिथे प्रकाश नाही, सेंद्रिय पदार्थ नगण्य आहेत, प्राणवायू कमी आहे आणि जिवाणूही विरळ आहेत, त्यामुळे विघटन अतिशय संथ होते. जर्मनीने १९९१ मध्ये ॲट्राझिनवर बंदी घातली, तरी त्यानंतर दशके लोटल्यावरही तिथल्या काही भूजलात ॲट्राझिन आणि त्याचे तुकडे सापडत राहिले. मातीच्या वरच्या वीतभर थरात महिन्या-दोन महिन्यांत निम्मे होणारे रसायन खालच्या पाण्यात पिढीभर राहू शकते, आणि माझ्या दृष्टीने चिंतेची खरी जागा ही आहे.

तुकड्यांचीही दखल घ्यावी लागते. जिवाणूंनी फक्त एक शेपूट तोडले तर डीइथाइल-ॲट्राझिन हा पदार्थ उरतो, ज्याला प्रयोगशाळेत थोडक्यात डीईए म्हणतात. त्यात क्लोरीन तसाच असतो, तो मूळ रेणूपेक्षा पाण्याबरोबर अधिक सहज वाहतो, आणि आरोग्याच्या दृष्टीने तो मूळ ॲट्राझिनच्या बरोबरीनेच मोजला जातो. क्लोरीन निघून गेलेला हायड्रॉक्सी-ॲट्राझिन हा तुकडा मात्र तण मारत नाही आणि मातीला घट्ट चिकटतो. म्हणून ‘औषध फुटले’ एवढे पुरत नाही; ते कोणत्या वाटेने फुटले हेही विचारावे लागते.

पाण्यात ते शोधतात कसे

पाण्यातले ॲट्राझिन मायक्रोग्रॅम प्रति लिटर या एककात मोजतात. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. हे प्रमाण किती सूक्ष्म आहे ते आपल्याच विहिरीवर मोजून पाहू. १० मीटर व्यासाच्या विहिरीत ६ मीटर पाणी असेल तर ते सुमारे ४ लाख ७० हजार लिटर होते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ॲट्राझिन २ मायक्रोग्रॅम प्रति लिटरपर्यंत चालते. त्या हिशेबाने या संपूर्ण विहिरीला मर्यादेपर्यंत न्यायला शुद्ध ॲट्राझिन एक ग्रॅमही लागत नाही, म्हणजे दुकानातली ५० टक्क्यांची पावडर दोन ग्रॅमच्या आत पुरते. फवारणी संपल्यावर विहिरीच्या थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या पाण्याच्या हौदात, पंप खळखळून धुतात, नोझल आणि गाळणी तिथेच हिसडतात, पुड्याच्या रिकाम्या पिशव्या काठावर पडतात. टाकीच्या तळाशी बसलेला पांढरा गाळ दोन ग्रॅमहून सहज जास्त असतो. विहिरीत झरे असतात, उपसा चालू असतो, त्यामुळे हे प्रमाण कायम राहत नाही, हे खरे. पण ‘एवढ्याने काय होतंय’ या प्रश्नाला आकडा असा आहे.

इतक्या कमी प्रमाणातले रसायन शोधायला प्रथम पाणी एका शोषक नळीतून जाऊ देतात. तणनाशक नळीत अडकते, मग ते अगदी थोड्या द्रावकात उतरवून घेतात आणि त्यामुळे त्याची तीव्रता शेकडो पटींनी वाढते. पुढे क्रोमॅटोग्राफ हे यंत्र मिश्रणातले पदार्थ एकमेकांपासून वेगळे करते आणि त्याला जोडलेला वस्तुमान-वर्णपटमापक प्रत्येक रेणूचे वजन करतो. विद्युतभारित ॲट्राझिन २१६ या वजनावर दिसते. यंत्र त्याला मुद्दाम फोडते, तेव्हा १७४ वजनाचा ठरावीक तुकडा निघतो. शिवाय क्लोरीन निसर्गात दोन वजनांत आढळत असल्यामुळे २१६ च्या सोबत सुमारे एक-तृतीयांश उंचीची दुसरी खूण २१८ वर दिसावी लागते. आगमनाची वेळ, वजन आणि तुकडा या सगळ्या खुणा जुळल्या तरच ‘आढळले’ असे लिहितात. त्यामुळे चांगल्या प्रयोगशाळेच्या अहवालात चुकीच्या पदार्थाला ॲट्राझिन समजण्याची शक्यता फार कमी असते.

हे तंत्र आपल्या भागाला नवीन नाही. तासगावच्या द्राक्ष बागायतदाराला अवशेष चाचणी म्हणजे काय, फवारणी आणि काढणी यांत किती दिवस ठेवायचे, पीपीएम म्हणजे काय, हे सगळे तोंडपाठ असते, कारण २०१० मध्ये क्लोरमेक्वॅट क्लोराईड या वाढरोधकाच्या अवशेषांमुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली आणि त्याची झळ थेट बागेपर्यंत आली. युरोपातल्या गिऱ्हाइकाच्या ताटातले द्राक्ष आपण इतक्या बारकाईने तपासतो, आणि ज्या विहिरीचे पाणी आपली मुले पितात तिचा एकही अहवाल बहुतेक घरांत नसतो. मला ही गोष्ट खटकते.

मर्यादा चार आणि पदार्थ एक

पिण्याच्या पाण्यातील ॲट्राझिनची मर्यादा युरोपात ०.१, भारतात २, अमेरिकेत ३ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात १०० मायक्रोग्रॅम प्रति लिटर आहे. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यात हजार पटींचे अंतर पाहून वाचक गोंधळला तर त्याला दोष देता येणार नाही.

१०० हा आकडा असा काढला आहे. उंदरांवरील सहा महिन्यांच्या प्रयोगात दर किलो वजनामागे रोज १.८ मिलिग्रॅमपर्यंत हार्मोनवर परिणाम दिसला नाही. उंदीर आणि माणूस यांतला फरक, तसेच माणसामाणसांतला फरक धरून त्याला १०० ने भागले, म्हणजे साधारण ०.०२ मिलिग्रॅम आले. ६० किलोचा माणूस रोज २ लिटर पाणी पितो आणि या पदार्थाच्या एकूण सेवनातला फक्त २० टक्के वाटा पाण्याला द्यायचा, असे मानले की उत्तर लिटरला ०.१२ मिलिग्रॅम येते, आणि ते खाली ओढून ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम केले. ही मर्यादा ॲट्राझिन आणि क्लोरीन टिकून असलेल्या त्याच्या तुकड्यांची मिळून आहे. युरोपचा ०.१ हा आकडा मात्र विषारीपणाच्या गणितातून आलेलाच नाही. पिण्याच्या पाण्यात कोणतेही कीटकनाशक वा तणनाशक जवळपास नसावेच, या धोरणातून तो सर्वांना सरसकट लावला आहे. भूजल या मर्यादेत राहील याची खात्री देता न आल्यामुळेच युरोपीय संघाने २००४ मध्ये ॲट्राझिनची परवानगी काढून घेतली.

म्हणून ‘युरोपने बंदी घातली म्हणजे ते जहाल विष आहे’ हे अनुमान चुकते, आणि ‘जागतिक आरोग्य संघटना १०० पर्यंत चालवते म्हणजे निर्धास्त राहा’ हेही चुकते. १०० चा आकडा नोव्हेंबर २०२५ च्या वर्गीकरणापूर्वीचा आहे.

मग ते विषारी आहे की नाही

एकदम पोटात गेल्यावर जीव घेणारे विष, या अर्थाने ॲट्राझिन सौम्य आहे. उंदराला मारायला दर किलो वजनामागे जवळपास दोन ग्रॅम किंवा त्याहून जास्त लागते. पॅराक्वॅट या तणनाशकाचे घोटभर द्रावणही माणसाचा जीव घेते आणि त्यावर उतारा नाही. ॲट्राझिन त्या जातीचे नाही. प्रश्न आहे तो थोड्या थोड्या प्रमाणात दीर्घकाळ संपर्क येण्याचा.

उंदरांच्या एका विशिष्ट वाणाच्या माद्यांना मोठी मात्रा दिल्यावर स्तनांच्या गाठी लवकर आणि जास्त झाल्या. अंडोत्सर्गापूर्वी मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून जी हार्मोनची लाट येते ती ॲट्राझिनने दबते, हे त्याचे कारण असल्याचे आढळले. त्या वाणाच्या उंदरात आणि स्त्रीमध्ये हे चक्र वेगळ्या पद्धतीने चालते, म्हणून हा निष्कर्ष माणसाला लागू होत नाही, या युक्तिवादावर सुरुवातीला सांगितलेल्या कर्करोग संशोधन संस्थेनेच १९९९ मध्ये ॲट्राझिनला ‘वर्गीकरण करता येत नाही’ या गटात ठेवले होते. २०२५ मध्ये प्राण्यांमधला पुरावा ‘पुरेसा’, माणसांमधला ‘मर्यादित’ आणि पेशींच्या पातळीवरचा पुरावा ‘भक्कम’ ठरला आणि त्यामुळे गट बदलला.

बेडकांवरचा वाद याहून तीव्र आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील टायरोन हेज यांनी २००२ मध्ये असे प्रसिद्ध केले की लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम इतक्या कमी ॲट्राझिनमध्ये वाढलेल्या आफ्रिकी बेडकांच्या नरांत मादीचे अवयव दिसतात. २०१० मध्ये त्यांनी २.५ मायक्रोग्रॅमला दहा टक्के नर पूर्णपणे मादीसारखे झाल्याचे नोंदवले. २००९ मध्ये मात्र दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत, उत्पादक कंपनीच्या खर्चाने पण नियामकाने ठरवून दिलेल्या पद्धतीने झालेल्या मोठ्या प्रयोगात असा परिणाम आढळला नव्हता. कोण बरोबर यावर आजही एकमत नाही. पाण्यातल्या शेवाळाबद्दल मात्र दुमत नाही: तेही प्रकाशावर जगते, त्यामुळे ॲट्राझिन त्याला रोखते आणि शेवाळावर जगणाऱ्या सगळ्या साखळीला त्याची झळ पोहोचते.

‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात लाल मांस आहे, ग्लायफोसेट हे तणनाशक आहे आणि रात्रपाळीचे कामही आहे. हा गट पदार्थात कर्करोग घडवण्याची क्षमता असल्याचा पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो. किती मात्रेला किती जणांना आजार होईल हे सांगत नाही. तो हिशेब संपर्कावर ठरतो, आणि सर्वांत जास्त संपर्क पाणी पिणाऱ्याचा नव्हे, तर उघड्या हातांनी बादलीत पावडर कालवणाऱ्याचा आणि पाठीवर गळका पंप घेऊन अनवाणी सरीतून चालणाऱ्याचा असतो. कोरडी पावडर ओततानाच नाकातोंडात जाते. हातमोजे, तोंडाला मास्क, पायात गमबूट आणि काम झाल्यावर लगेच अंघोळ, या चार गोष्टींनी जो धोका कमी होतो तो कोणत्याही समितीच्या निर्णयाने तितक्या लवकर कमी होणार नाही.

‘इतकी वर्षे मारतोय, काही झालं नाही’

हा आक्षेप प्रामाणिक आहे. पण दीर्घकाळ चालणाऱ्या परिणामांचे वैशिष्ट्यच असे की ते एका घराच्या अनुभवात दिसत नाहीत. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत १९९३ पासून पन्नास हजारांहून अधिक फवारणी करणाऱ्यांच्या प्रकृतीचा मागोवा घेतला जात आहे. २०११ च्या विश्लेषणात ॲट्राझिन आणि कर्करोग यांचा स्पष्ट संबंध मिळाला नव्हता, आणि तरी प्रश्न मिटला नाही. इतक्या लोकांत जे धड दिसत नाही ते एका गावात कोणाच्या नजरेला पडेल, अशी अपेक्षा करता येत नाही.

‘मग सरकार बंदी का घालत नाही’ असे विचारले जाते. केंद्र सरकारने मे २०२० मध्ये २७ औषधांवर बंदीचा मसुदा काढला होता आणि त्यात ॲट्राझिनही होते. २०२३ मध्ये अंतिम बंदी मोजक्याच औषधांवर आली. ॲट्राझिन त्यांत नव्हते. ते आज कायदेशीर आहे.

भांगलण, म्हणजे खुरप्याने तण काढणे, परवडत नाही, हा मुद्दा तर कोणी नाकारू नये. कामाला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी झेपत नाही, आणि लागणीनंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत तण राहिले तर उसाचे उत्पादन नक्की घटते. तणनाशक सोडून द्या असे शेतकऱ्याला घरात बसून सांगणे मला रास्त वाटत नाही. पण खोडव्यात पाचट सरीत पसरले तर तण मुळातच कमी उगवते, सलग फवारण्याऐवजी वरंब्यावर पट्टा मारून सरी कोळप्याने साफ करता येते, आणि दर वर्षी एकच औषध न वापरता आलटून-पालटून वापरता येते. याने खर्चही घटतो. फवारणी ओढ्याच्या किंवा विहिरीच्या अगदी कडेपर्यंत न नेता मध्ये गवताचा पट्टा राखला, तर वाहून जाणारे बरेचसे तणनाशक तिथेच अडते.

‘पाणी उकळून प्यायलो तर’ याचे उत्तर मात्र नकारार्थी आहे. उकळल्याने ॲट्राझिन जात नाही. पाणी आटेल तसे त्याचे प्रमाण उलट किंचित वाढते. तुरटी आणि क्लोरीनचाही त्यावर विशेष परिणाम होत नाही. सक्रिय कोळशाचा फिल्टर ते शोषून घेतो आणि आरओ यंत्र बरेचसे अडवते. मात्र कोळशाची नळी वेळेवर बदलली नाही तर ती भरून जाते आणि पाणी तसेच पुढे येऊ लागते.

नमुना कधी घ्यावा आणि अहवाल कसा वाचावा

विहीर किंवा बोअर तपासायची असेल तर फवारणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसाच्या सुमारास एक नमुना आणि उन्हाळ्यात, फवारणी नसताना, दुसरा नमुना घ्यावा. पंप काही मिनिटे चालवून, गडद रंगाच्या स्वच्छ काचेच्या बाटलीत पाणी काठोकाठ भरावे, बाटली बर्फात ठेवावी आणि शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावी. औषधाच्या रिकाम्या डब्यात किंवा पिशवीजवळ ठेवलेल्या बाटलीत नमुना नेऊ नये, कारण दोन ग्रॅमचा हिशेब वर केलाच आहे. काही गावकऱ्यांनी मिळून चार-पाच विहिरींचे नमुने दिले तर खर्चही वाटला जातो आणि चित्रही स्पष्ट होते.

प्रयोगशाळेला सांगताना ॲट्राझिनसोबत डीईएचाही आकडा मागावा आणि ‘आढळले नाही’ असे लिहिले असेल तर किती प्रमाणापर्यंत शोधण्याची त्यांची क्षमता होती ते विचारावे, कारण ज्या यंत्राला ५ मायक्रोग्रॅमखालचे दिसत नाही त्याने २ च्या मर्यादेबद्दल दिलेला निर्वाळा कामाचा नाही. दोन्ही आकडे हाती आले की त्यांची तुलना करावी. डीईए ॲट्राझिनच्या बरोबरीने किंवा जास्त असेल, तर तणनाशक मातीतून हळूहळू, जिवाणूंच्या हाताखालून झिरपत आलेले असण्याची शक्यता अधिक. तिथे उपाय रानात, म्हणजे मात्रा, वेळ आणि पाण्याच्या पाळ्या यांत शोधावा लागेल. ॲट्राझिन भरपूर आणि डीईए नाममात्र असेल, तर ते मातीला फारसे न भेटता थेट आले आहे, आणि अशा वेळी आधी विहिरीचे थारोळे, पंप धुण्याची जागा आणि पावसाचे पाणी विहिरीत कुठून शिरते ते पाहावे.